स्टॅम्पिंग रखडलंय? मग सान हुआनला जाऊन या

अमेरिकेत नवीन आलेल्यांचा पहिल्या लाँग वीकेंडचा ठरलेला प्रश्न: पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, देशाबाहेर जाणं अडचणीचं, मग जायचं कुठे? पोर्तो रिकोला जा, तिथल्या राजधानीला, सान हुआनला. हे बेट १८९८ पासून अमेरिकेकडे आहे. विमान डोमेस्टिक, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग नाही, चलन डॉलरच, आणि बहुतेक अमेरिकन फोन प्लॅन जादा पैसे न घेता चालतात. न्यूयॉर्कहून जेमतेम चार तास.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. मूळ पासपोर्ट, आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत आणि एच-१बी असेल तर आय-७९७ हे मंजुरीपत्र, विद्यार्थी असाल तर कॉलेजने दिलेला आय-२० हातातल्या बॅगेत ठेवा. परतताना विमानतळावर अधिकारी कधीकधी हे बघतात, तिथे मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. स्टॅम्प संपलेला असेल तर सान हुआनहून सुटणारी क्रूझ कितीही स्वस्त दिसली तरी जोडू नका. ती दुसऱ्या देशांच्या बंदरांना लागते आणि मग परत येताना बहुधा चालू व्हिसा लागतो.

डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळाच. जानेवारीत सान सेबास्तियान रस्त्याच्या उत्सवाला गर्दी इतकी उसळते की जुन्या शहरात शिरणंही अवघड होतं. मुक्काम शक्यतो जुन्या सान हुआनमध्येच करा. समुद्रात डुंबायला कोंदादोचा किनारा टॅक्सीने जवळ आहे. भाड्याची गाडी घेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, पार्किंग मिळत नाही आणि सगळं पायी होतं. तळ चांगले असलेले बूट घाला. रस्त्यांवरच्या निळसर विटा पावसानंतर विलक्षण निसरड्या होतात.

आता किल्ले, कारण यायचं ते त्यांच्यासाठीच. १० डॉलरच्या एका तिकिटात एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले होतात आणि तिकीट २४ तास चालतं. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. पैसे कार्डाने भरा आणि पावती जपून ठेवा. दोन्ही किल्ले एका दुपारी उरकायला जाऊ नका, उन्हाने जीव नकोसा होतो. पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास सान क्रिस्तोबाल बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताच त्याच तिकिटावर एल मोरो.

हा क्रम इतिहासाच्या उलट आहे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. बंदराच्या तोंडावरचा एल मोरो १५३९ मध्ये सुरू झाला. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून चालून आला आणि त्याला माघार घ्यावी लागली. पण १५९८ मध्ये इंग्रज आणि १६२५ मध्ये डच शहरात घुसले, डचांनी तर ते जाळलं. जमिनीकडची बाजू उघडी आहे हे स्पॅनिश लोकांना कळून चुकलं, आणि १६३४ पासून पूर्वेला सान क्रिस्तोबाल उभा राहू लागला. १७९७ मध्ये इंग्रजांना पूर्वेकडूनच परतवलं गेलं. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना सान क्रिस्तोबालची बांधणी वाचायला मजा येईल. मुख्य तटापुढे एकामागे एक बाहेरचे बुरूज आणि खंदक आहेत, आणि पुढचा टप्पा नेहमी मागच्यापेक्षा खाली. शत्रूने पुढचा घेतला तरी मागच्या तोफा त्याच्या डोक्यावर. चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारी पाच मोठी टाकी आहेत. भुयारातून अंधारकोठडीत जरूर जा. तिथल्या भिंतीवर कुणा कैद्याने काढलेली जहाजं आहेत, शिडं आणि दोरखंडांसकट. लोक घाईत पुढे जातात, तुम्ही थांबा.

एल मोरोच्या दारापर्यंतच्या मोकळ्या हिरवळीवर सावलीचा पत्ता नाही. टोपी आणि पाणी हवंच. अनेकांची फसगत होते ती सान हुआन दरवाजापासून तटाच्या पायथ्याने जाणाऱ्या वाटेवर. ती वाट सुंदर आहे, पण तिथून किल्ल्यात शिरता येत नाही, आल्या पावली परतावं लागतं. ती संध्याकाळी, वेगळी फिरा.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, कारण चिकन-हॅम यांना बरेच जण त्यात धरत नाहीत. ‘सिन पोयो, सिन हामोन, सिन तोसिनो’ (चिकन, हॅम, बेकन नको) असं एकेक नाव घेऊन सांगा. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसूण घालून कुटलेली, पण त्यात डुकराच्या चामडीचे तळलेले तुकडे असतात. हबिचुएलास, म्हणजे उसळीसारखा राजमा, बहुधा हॅम घालूनच शिजतो. गांदुलेस म्हणजे आपली तूर, भातात ओले दाणे घालतात, तोही डुकराच्या मांसासकट. बिनधोक खावेत ते तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप, तरीही तेल कोणतं ते विचारा. गाडीवर पिरागुआ, म्हणजे बर्फाचा गोळा मिळतो. त्यात चिंचेचं सरबत मागा.

परतीच्या दिवशी विमानतळावर अर्धा तास जादा धरा. चेक-इनच्या आधी सामान शेतकी खात्याच्या एक्स-रेतून काढावं लागतं. बॅगेवर त्यांचा स्टिकर लागला की मगच काउंटर. फळमाशीमुळे ताजा आंबा मुख्य भूमीवर नेऊ देत नाहीत, तो तिथेच खाऊन घ्या. अननस, नारळ आणि भाजलेली कॉफी नेता येते.