गल्लीतल्या पोरांसाठी सायन्सचे तीन खेळ, घरच्याच सामानात

गणपतीत पोरांसाठी काहीतरी ठेवायला लागतं, संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा करून सगळेच कंटाळलेले, म्हणून गेली काही वर्षं आमच्या मंगळवार पेठेत मी सायन्सचे प्रयोग लावतो. एका जागी पाच मिनिटं न बसणारी पोरं ह्याला गपगार बसतात. फक्त एक पथ्य पाळा, उत्तर आधी फोडायचं नाही. "आता बघा, हा डबा चेपणार" म्हटलं की गेली मजा. आधी विचारायचं, फुटंल, फुगंल का काहीच होणार नाही? हात वर करून घ्यायचे आणि मगच करायचं. ज्याचा अंदाज चुकतो तोच पोरगा नंतर "पण का?" म्हणून डोकं खातो.

सुरुवात हळदीनं करा. चमचाभर हळद पाण्यात कालवून त्यात पांढरं सुती फडकं बुडवा, वाळवा. पानपट्टीवरून चुना आणा, पाण्यात ढवळून ठेवा आणि वरचं निवळ पाणी घ्या (हे तुम्हीच करायचं, चुना डोळ्यात गेला तर लई वाईट). कापसाच्या काडीनं त्या पाण्यानं फडक्यावर नाव लिहा, अक्षरं लालभडक उमटतात. वर लिंबू पिळलं की परत पिवळी. आमची आजी म्हणाली, त्यात काय नवीन, आमच्या वेळी कुंकू असंच करायचे. खरंच आहे की! मिसळीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तो पण ह्यामुळंच, हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत, म्हणजे चुना-साबणासारख्या आंबटाच्या उलट गुणाच्या पदार्थात, रंग बदलतं.

दुसरा कॅनचा, माझा सगळ्यात लाडका. कोल्ड्रिंकचा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन घ्या, त्यात दोन चमचे पाणी, आणि सांडशीत धरून गॅसवर. शेगडी मांडवाच्या बाहेर, कापडापासून लांब ठेवा. तोंडातून भसाभसा वाफ यायला लागली की अर्धा मिनिट थांबा, पण पाणी पार आटू देऊ नका, कॅन कोरडा तापला की खराब होतो. मग झटक्यात पालथा करून बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात तोंड बुडवायचं. खाडकन आवाज येतो आणि कॅनचा पार चोळामोळा! पहिल्या वर्षी मी तो सरळच पाण्यात ठेवला, काही म्हणजे काही झालं नाही, पोरं खो खो हसली. चूक साधी होती, तोंड उघडं असल्यानं हवा परत आत शिरली. वाफेनं आतली हवा हाकललेली असते, गार पाणी लागलं की त्या वाफेचं थेंबभर पाणी होतं आणि आत जवळजवळ काहीच उरत नाही. बाहेरची हवा मात्र दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोच्या जोरानं दाबतच असते, म्हणजे कॅनच्या अख्ख्या अंगावर दोनशे किलोच्या वर. खासबागेतले दोन पैलवान एकदम अंगावर बसल्यागत.

शेवटी फेसाचा, कारण राडा होतो. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, ६ टक्क्यांचं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. म्हणजे १ मिलीतून २० मिली ऑक्सिजन निघतो, १०० मिलीतून २ लिटर, मग अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो मावणार कसा? नेटवर छताला लागणारा फेस दिसतो तो ३० टक्केवाल्याचा असतो, त्याच्या नादाला लागू नका, कातडी भाजते. ६ टक्केवालं ओततानाही चष्मा आणि हातमोजे घाला. परातीत अर्ध्या लिटरची बाटली ठेवून १०० मिली पेरॉक्साइड, दोन चमचे भांड्याचं लिक्विड आणि खायचा रंग घाला. वेगळ्या वाटीत चमचाभर ड्राय यीस्ट कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा, ते बाटलीत ओता आणि मागं सरका. फेस वळवळत बाहेर येतो, बाटली हाताला गरम लागते. यीस्टमधलं कॅटलेज नावाचं एन्झाइम (क्रिया भराभर घडवणारं प्रथिन) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आपल्या रक्तातही ते असतं, म्हणून तर जखमेवर पेरॉक्साइड फसफसतं. यीस्ट नसेल तर कच्चा बटाटा किसून टाका, जरा मंद चालतं पण चालतं. विझत आलेली, नुसती निखारा असलेली उदबत्ती लांबून फेसाच्या बुडबुड्यात घाला, टपकन उजळते. ह्या वेळी पोरं ओरडतात ते ऐकायलाच मी हे सगळं करतो.

एकदा माझा इथंच पोपट झालेला. घरात वर्षभर उघडून ठेवलेली बाटली वापरली, त्यातला दम कधीच गेलेला, फेस बोटभर सुद्धा नाही. तेव्हापासून बाटली नवीन आणायची आणि सकाळी चमचाभर करून बघायचं. उरलेलं मिश्रण भरपूर पाणी घालून मोरीत ओता, टोपण लावून ठेवू नका, आत गॅस निघतच राहतो आणि बाटली फुटते.