लीग टूच्या नव्या हंगामाची तयारी कशी करावी

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या खाली इंग्लिश फुटबॉल लीगचे (ईएफएल) तीन स्तर आहेत आणि प्रत्येक स्तरावर 24 संघ खेळतात. त्यांपैकी सर्वांत खालचा स्तर, म्हणजेच देशातील चौथ्या दर्जाची स्पर्धा, ‘लीग टू’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे प्रीमियर लीग रात्र जागून पाहणारे पुष्कळ आहेत, पण लीग टूकडे फार थोडे वळतात. माझ्या मते गुणतालिका वाचण्याची खरी सवय याच स्पर्धेत लागते, कारण येथे वरची आणि खालची अशी दोन्ही टोके अखेरपर्यंत जिवंत असतात आणि नोव्हेंबरमधल्या एखाद्या साध्या सामन्यात गमावलेला गुण मे महिन्यात आठवतो.

तयारीची सुरुवात नियमांपासून करावी. प्रत्येक संघ 46 सामने खेळतो, 23 घरच्या मैदानावर आणि 23 प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर. पहिल्या तीन संघांना थेट बढती मिळते, चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे संघ प्ले-ऑफ म्हणजे बाद फेरी खेळून बढतीची चौथी जागा ठरवतात आणि तळाचे संघ पाचव्या स्तराच्या नॅशनल लीगमध्ये घसरतात. 1986 पर्यंत तळाच्या संघांचे भवितव्य इतर क्लबांच्या मतदानावर ठरत असे. थेट घसरण सुरू झाल्यावर 1987 मध्ये लिंकन सिटी हा तिचा पहिला बळी ठरला आणि त्याच्या जागी स्कारबरो वर आला. 2003 पासून खाली जाणाऱ्या संघांची संख्या दोन झाली. अशा तरतुदी अधूनमधून बदलतात, म्हणून पहिल्या सामन्यापूर्वी ईएफएलच्या संकेतस्थळावर चालू नियमावली एकदा वाचून घ्यावी. गुण समान झाल्यास आधी गोलफरक आणि नंतर एकूण गोल पाहिले जातात, त्यामुळे हरत असलेल्या सामन्यातही तिसरा गोल न स्वीकारण्याला मोल असते.

याच टप्प्यावर क्लबच्या आर्थिक स्थितीची माहिती घ्यावी, कारण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या क्लबचे 12 गुण कापले जातात. बरी हा क्लब 2019 मध्ये लीग टूमधून बढती मिळवून वर गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थिक कारणांवरून ईएफएलमधून काढून टाकला गेला. मैदानावर मिळवलेले सर्व काही मैदानाबाहेर हातचे जाऊ शकते, याचे इतके कठोर उदाहरण दुसरे नाही.

त्यानंतर एक संघ निवडावा आणि हंगामभर त्याच्यासोबत राहावे. चोवीसही संघांवर लक्ष ठेवण्याचा प्रयत्न बहुधा सप्टेंबरमध्येच सुटतो. निवड करताना गुणवत्तेपेक्षा क्लबचा इतिहास पाहावा. जुना विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या शहरात हलवण्यास परवानगी मिळाली तेव्हा चाहत्यांनी 2002 मध्ये एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब उभा केला आणि 2011 मध्ये तो लीग टूमध्ये पोहोचवला. ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या नावाचा मूळ क्लब 1962 मध्ये लीगबाहेर पडला होता, ते नाव 2006 मध्ये परत आले. मराठी वाचकाला ब्लॅकबर्न रोव्हर्स जवळचा वाटेल, कारण 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने तो विकत घेतला. हा क्लब लीग टूमध्ये घसरला नसला, तरी 1995 चा हा प्रीमियर लीग विजेता 2017-18 मध्ये तिसऱ्या स्तरावर खेळला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वेळापत्रक साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात जाहीर होते आणि हंगाम ऑगस्टच्या आरंभी सुरू होतो. शनिवारी तेथे दुपारी तीनला सुरू होणारा सामना भारतात सायंकाळी 7.30 वाजता असतो, परंतु ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि मार्चअखेरपर्यंत तोच सामना रात्री 8.30 ला येतो. मंगळवारी रात्री 7.45 चा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, म्हणजे बुधवारी, 12.15 किंवा 1.15 वाजता सुरू होतो, त्यामुळे दिनदर्शिकेत तारीख नोंदवताना चूक होते. दूरचित्रवाणीसाठी निवडलेल्या सामन्यांच्या वेळा बदलतात, म्हणून दर आठवड्याला क्लबच्या संकेतस्थळावर खात्री करावी. भारतातून थेट चित्रण अथवा समालोचन मिळते का, हेही तेथेच पाहावे.

गुणतालिका वाचताना केवळ गुण पाहू नयेत, खेळलेल्या सामन्यांचा रकाना आधी पाहावा. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात ही लीग आपोआप थांबत नाही. क्लबचे तीन किंवा अधिक खेळाडू आपापल्या देशाच्या संघात बोलावले गेले, तर क्लब सामना पुढे ढकलण्याची विनंती करू शकतो. हिवाळ्यात गोठलेल्या मैदानांमुळेही सामने लांबतात. त्यामुळे फेब्रुवारीत दोन संघांमध्ये तीन सामन्यांचे अंतर दिसू शकते आणि नवव्या क्रमांकाचा संघ प्रत्यक्षात सहाव्यापेक्षा चांगल्या स्थितीत असू शकतो.

माझ्या दृष्टीने सर्वाधिक लक्ष लोनवर आलेल्या खेळाडूंकडे द्यावे. या स्तरावरील क्लब मोठ्या क्लबांचे तरुण खेळाडू काही काळासाठी घेतात आणि मूळ क्लब जानेवारीत त्यांना परत बोलावू शकतो. 2024-25 च्या हंगामात वॉल्सॉल जानेवारीत 12 गुणांनी आघाडीवर होता. त्याच महिन्यात स्टोक सिटीने लोनवर दिलेला आघाडीवीर नेथन लो याला परत बोलावले. पुढे वॉल्सॉलची लय बिघडत गेली. त्याला केवळ हेच कारण होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, पण गोल करणारा खेळाडू निघून गेल्यावर तेवढ्याच ताकदीचा दुसरा आणणे या स्तरावरील क्लबला अवघड जाते. अखेरच्या दिवशी वॉल्सॉलने आपला सामना जिंकला, तरीही ब्रॅडफर्ड सिटीच्या अँटोनी सार्सेविचने भरपाई वेळेत केलेल्या गोलामुळे तिसरी जागा ब्रॅडफर्डला मिळाली. ब्रॅडफर्डचे 78 गुण झाले आणि वॉल्सॉलचे 77. म्हणून आपल्या संघात लोनवर कोण आहे, तो कोणत्या क्लबचा आहे आणि संघाच्या गोलांत त्याचा वाटा किती आहे, याची नोंद डिसेंबरपर्यंत करून ठेवावी.

शेवटच्या फेरीचे सर्व सामने एकाच वेळी सुरू होतात. त्या दिवशी आपल्या संघाच्या सामन्यासोबत प्रतिस्पर्ध्याचा निकालही समोर ठेवावा आणि गोलफरकाचे गणित आदल्या रात्रीच मांडून घ्यावे. प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत चौथा संघ सातव्याशी आणि पाचवा सहाव्याशी दोन सामने खेळतो. बाहेरच्या मैदानावरील गोलाला येथे वेगळे वजन नसते, एकूण गोल समान राहिले तर जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी शूटआउट होते. अंतिम सामना मेच्या उत्तरार्धात लंडनच्या वेम्बली मैदानावर होतो. 2025 मध्ये तेथे एएफसी विम्बल्डनने 1-0 असा विजय मिळवून बढती घेतली, आणि समोरचा संघ वॉल्सॉलच होता.