बटाट्याचे बेणे: शीतगृहातून सरीपर्यंत

पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा जूनच्या पावसावर लावला जातो, तर रब्बीची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. पंजाबहून येणारे बेणे मात्र बहुतांशी हिवाळ्याच्या अखेरीस काढलेले असते, म्हणजे रब्बीला तेच बेणे चार-पाच महिन्यांनी अधिक जुने होऊन जमिनीत जाते. त्याचे खरे वय महिन्यांपेक्षा त्याने किती उष्णता सोसली यावर ठरते, म्हणूनच खरेदी करताना वाणाइतकीच साठवणुकीची चौकशी करावी.

काढणीनंतर साधारण दोन ते अडीच महिने बटाटा सुप्तावस्थेत असतो, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. ही अवस्था नुकतीच संपलेले बेणे लावल्यास बहुधा शेंड्याच्या डोळ्यालाच जोमदार कोंब येतो, उगवण उशिरा होते आणि वेलाला खोडे कमी राहून बटाटे थोडे पण मोठे मिळतात. याउलट उष्ण जागी म्हातारे झालेले बेणे लवकर उगवते, त्याला खोडे पुष्कळ फुटतात, पण झाड लवकर पिवळे पडते आणि माल बारीक निघतो. शीतगृहात २ ते ४ अंश सेल्सिअस तापमान व ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असल्यास हे म्हातारपण लांबते. आरणीत, म्हणजे सावलीत पाल्याखाली झाकलेल्या ढिगात, ठेवलेला बटाटा खाण्यासाठी चालतो. बेण्यासाठी, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हाळ्यानंतर, त्याचा भरवसा धरू नये, कारण उष्णतेबरोबरच पाकोळीचाही (जिची अळी बटाटा पोखरते त्या पतंगाचाही) उपद्रव तेथे वाढतो.

लागवडीच्या दहा ते पंधरा दिवस आधी बेणे शीतगृहातून काढावे. थंड गोण्या एकदम उन्हात आणल्या तर बटाट्यांना पाणी सुटते आणि सड लागते, म्हणून त्या प्रथम सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी उभ्या कराव्यात व बटाटे कोरडे झाल्यावर एक-दोन थरांत पसरावेत. जागेत ऊन नको, पण उजेड हवा. उजेडात वाढलेला कोंब आखूड, जाड आणि हिरवट-जांभळा असतो व हाताळताना टिकतो. अंधारातल्या गोणीत तोच पांढरा, लांब होऊन दुसऱ्या बटाट्यात गुंततो आणि गोणी ओतताना मोडतो. मोडल्यावर नवे कोंब येतात खरे, पण त्यात बेण्याची साठवलेली ताकद खर्ची पडते. दोऱ्यासारखे बारीक कोंब आलेले बटाटे निवडून काढावेत. ते स्वस्त मिळाले तरी महागच पडतात.

फोडी करायच्या असल्यास प्रत्येकीवर दोन-तीन डोळे ठेवावेत आणि काप सावलीत सुकू द्यावेत. खरिपात जमीन ओली व उबदार असल्याने अखंड, ३० ते ५० ग्रॅमचे बेणे अधिक सुरक्षित ठरते.

पाऊस लांबला तर कोंब आलेले बेणे पुन्हा गोणीत भरू नये. ते प्लॅस्टिक क्रेटमध्ये उथळ भरून उजेडात ठेवावे आणि दर दोन-तीन दिवसांनी सडके बटाटे काढून टाकावेत.