‘लाइट गेली तेव्हापासून बंद आहे’

जुना व्हीसीआर दुरुस्तीला आला की झाकण उघडण्याआधी मी विचारतो, बंद कधी पडला? बऱ्याचदा उत्तर येतं, "परवा लाइट गेली होती, आली तेव्हापासून चालूच होत नाही." घरच्यांना वाटतं, व्होल्टेज वाढून आतलं काहीतरी जळलं. तसंही होतं. पण फ्यूज शाबूत असेल तर माझी नजर आधी पॉवर सप्लायमधल्या एका बोटाच्या पेराएवढ्या कपॅसिटरकडे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाकडे जाते.

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करून मी पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात लागलो होतो. एक व्हीसीआर आला. प्लग लावला की आतून नुसती बारीक टिकटिक. मी मुख्य फिल्टर कपॅसिटर बदलला, मग डायोड, मग स्विचिंग ट्रान्झिस्टर, मग आयसी. दोन दिवस गेले. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, हेअर ड्रायर घेऊन आले. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटून बसलेल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर मिनिटभर गरम हवा सोडली आणि प्लग लावला. डिस्प्ले उजळला. "हा कंडेन्सर सुकलाय," एवढंच म्हणाले. कपॅसिटरला ते कंडेन्सर म्हणायचे.

का, ते मला नंतर कळलं आणि नव्या मुलांना मी हेच आधी शिकवतो. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला, म्हणजे डीसीत बदलला, की मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतो. तिथून मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून थोडा थोडा करंट त्या छोट्या कपॅसिटरमध्ये साठतो. सप्लाय चालवणारी आयसी यूसी ३८४२ असेल तर साधारण १६ व्होल्टला ती जागी होते आणि १० व्होल्टच्या खाली गेली की बंद पडते. पुढे ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगवरून तिला सप्लाय मिळतो, पण तो मिळेपर्यंतचा क्षणभर या साठ्यावरच काढायचा असतो. कपॅसिटरमधला द्रव सुकला की साठा पुरत नाही. आयसी उठते, पडते, पुन्हा उठते. टिकटिक येते ती त्यातूनच.

घड्याळ आणि टायमरसाठी व्हीसीआरचा सप्लाय दिवसरात्र चालूच असतो. एकदा चालू झालेला सप्लाय बराच काळ रेटून नेतो, म्हणून कपॅसिटर आतून सुकत गेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. लाइट जाते आणि ते उघड होतं.

आता जपायची गोष्ट. चालत्या सप्लायचा मुख्य कपॅसिटर प्लग काढल्यावर लवकर रिकामा होतो. बंद पडलेल्या सप्लायमध्ये तो साठा वापरणारं कुणी नसतं, म्हणून प्लग काढून बराच वेळ झाला तरी ३२५ व्होल्ट तसाच बसलेला असू शकतो. आधी मीटरनं मोजा, मग २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरनं उतरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा प्लग लावाल तो सिरीज लॅम्पमधूनच, म्हणजे वाटेत जोडलेल्या बल्बमधून, आणि लॅम्प तारेचा हवा, एलईडी चालत नाही. प्रायमरीकडचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूचं, व्होल्टेज मोजताना मीटरची काळी प्रोब मुख्य कपॅसिटरच्या निगेटिव्हला लावा. चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, लावलीत तर आकडे फसवे येतील.

साध्या कपॅसिटन्स मीटरवर फार विसंबू नका. ४७ चा कपॅसिटर ४० दाखवतो, माणूस निश्चिंत होतो आणि ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मात्र कितीतरी ओहमवर गेलेला असतो. कमाईतून आधी ईएसआर मीटर घ्या, महागडी सोल्डरिंग स्टेशनं नंतर.

बदली कपॅसिटर १०५ अंशांचा आणि लो ईएसआर घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. हीटसिंकजवळ ८५ अंशांचा बसवून दिलेलं काम परत येतं. आणि जुना काढण्याआधी फोटो काढा, नव्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी झाली तर तो फुटतो.

सप्लाय चालू आहे पण चित्रावर आडवे पट्टे सरकतात, तर सेकंडरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे, फिल्टर कपॅसिटर बघा. जुन्या कॅमकॉर्डरमध्ये सोल्डरिंगला माशासारखा वास आला, तर छोटे सरफेस माउंट कपॅसिटर गळलेत. नुसते बदलून भागणार नाही, बोर्ड धुवावा लागतो आणि ट्रॅक तपासावे लागतात.

दुरुस्ती झाली की ५ आणि १२ व्होल्टच्या लाइन यंत्र चालू ठेवून अर्धा तास बघा. मग स्वतःची टाकाऊ कॅसेट घालून प्ले, रिवाइंड, इजेक्ट, सगळं दोन-तीनदा करा. लोडिंग चालू असताना सप्लाय बसला तर टेप ड्रमभोवती, म्हणजे ती वाचणाऱ्या फिरत्या भागाभोवती, अडकून चुरगळते. गिऱ्हाइकानं पिशवीतून आणलेली कॅसेट बहुतेक लग्नाची असते, दुसरी प्रत नसते, आणि त्यातली काही माणसं आता फक्त तिथंच बोलताना दिसतात. ती कॅसेट मी दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्र रात्रभर बंद ठेवून थंड असताना पुन्हा चालू झालं, तरच घालतो.