बाळ आणि घरकाम: आधी बघायचं, हे काम मधेच टाकून उठता येतंय का

माझी पोरगी आता 11 महिन्यांची झालीय. आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. आत्या (आमच्यात सासूबाईंना आत्याच म्हणतात) कोरेगावच्या बाजूला गावी असतात, म्हशी आहेत त्यामुळं त्यांना चार दिवसांच्या वर इथं राहता येत नाही. माहेरी तीन महिने आयतं ताट, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर असं सगळं कौतुकात गेलं, आणि बाळ घेऊन इकडं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की दिवसभर घरात मी, बाळ आणि भांड्यांचा ढीग असे तिघंच आहोत.

सगळ्याजणी एकच सांगतात, बाळ झोपलं की कामं उरकून घ्यायची. मीपण तेच करत होते. ती झोपायची वाट बघायची आणि झोपली रे झोपली की पळापळ, भांडी, कपडे, कणिक, केर, सगळं एकदमच. ती 25 मिनिटांत उठायची, माझे हात पिठात, आणि ती रडायला लागली की मलापण रडू यायचं. एकदा तर गॅसवर दूध ठेवून तिला पाजायला बसले आणि बसल्या बसल्या माझाच डोळा लागला. जाग आली ती वासानं, पातेलं काळं ठिक्कर आणि स्वयंपाकघरात धूर. नशीब थोर म्हणून तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून घरात एक नियम केलाय, पाजायला बसायच्या आधी गॅस बंद, आमटी अर्धी शिजलेली असली तरी बंद. गॅस परत पेटवता येतो.

त्या दिवसानंतर मी कामांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. काम मोठं आहे का छोटं ते बघायचंच नाही, मधेच टाकून उठता येतंय का तेवढं बघायचं. लसूण सोलणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, कपड्यांच्या घड्या, भांडी विसळणं, ही कामं कुठल्याही क्षणी सोडली तरी काही बिघडत नाही. ही बाळ जागं असतानाच करायची, खाली चटईवर दुपटं टाकून तिला शेजारी झोपवायचं आणि तिच्याशी बडबड करत करायची, तिला तोंड दिसलं आणि आवाज आला की 15-20 मिनिटं आरामात निघतात. फोडणी, तळण, चपात्या, दूध तापवणं, उकळतं पाणी आणि स्वतःची आंघोळ ही मधे सोडता न येणारी, ती बाळ झोपल्यावर नाहीतर घरात दुसरं माणूस असतानाच. म्हणजे बाळाची झोप भांड्यांवर घालवायची नाही, भांडी काय ती जागी असतानापण होतात.

आणि झोपेतला पहिला अर्धा तास मधे सोडता न येणाऱ्या कामांना दिला की उरलेला वेळ आपण आडवं व्हायचं. हे मला जमायला दोन महिने लागले, कारण पसारा दिसला की पाय आपोआप तिकडंच वळतात. साधा हिशोब मांडून बघा, पहिल्या महिन्यांत बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं, एका वेळेला 20-25 मिनिटं धरली तरी चार तास नुसते पाजण्यात गेले आणि त्यातले बरेचसे रात्रीचे. एवढं काम करणाऱ्या बाईला दुपारची झोप ही काय चैन नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुपारची झोपतीस होय, मी म्हटलं हो झोपते.

आता दिवसातली सगळ्यात मोठी झोप कधी असते ते शोधा. बहुतेक घरांत मालिश, आंघोळ आणि मग पोटभर दूध झालं की बाळ जे झोपतं ते दीड-दोन तास, काही बाळं तीन तास. आमच्याकडं मालिशवाल्या मावशी 9 वाजता यायच्या. मी त्यांना 11 ची वेळ मागून घेतली, त्यामुळं मोठी झोप पावणेबारा ते दोन अशी आली आणि माझं जेवण गरम गरम व्हायला लागलं. नुसती वेळ सरकवल्यानं एवढा फरक पडला. मावशींना दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या, नाकाकानात तेल घालायचं नाही आणि धुरी द्यायची नाही. आत्यांना धुरीचं वाईट वाटलं, आमची पोरं धुरीवरच वाढली म्हणाल्या, पण धूर इवल्याशा फुप्फुसांना त्रासच देतो, डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं तेव्हा विषय मिटला. अशा गोष्टी आपण सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलेल्या बऱ्या.

स्वयंपाकाचं सांगते. भाकरी मी चक्क सोडली. एकदा हात पिठात गेला की थापणं, तवा, फुगवणं, मधे थांबताच येत नाही, बाजरीची तर अजिबातच नाही. विकत आणायच्या नाहीतर आत्या आल्या की हादडायच्या. कणिक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दिवसभराच्या चपात्या सकाळी नवरा घरात असताना एकदमच लाटायच्या, तेवढा वेळ बाळ त्याच्याकडं. त्याची शिफ्ट बदलली की चपात्यांची वेळ बदलते, बाकी काही बदलत नाही. कुकरला डब्यात डाळ-भात लावून टाकायचा. शिट्टीनं बाळ उठेल म्हणून मी पहिले काही दिवस कुकरच लावत नव्हते, पण मिक्सर, शिट्टी, दाराची बेल या आवाजांची बाळाला सवय होते, फार चिडीचूप घर ठेवलं तर उलट चमचा पडला तरी दचकतं. आणि काहीच सुचत नसलं तर आपला म्हाद्या (दाण्याच्या कुटाची भाजी) आहेच की. कांदा-लसूण परतायचा, कांदा-लसूण मसाला घालायचा, दाण्याचं जाडसर कूट आणि पाणी, दहा-बारा मिनिटांत भाजी तयार, चपातीबरोबर खा नाहीतर भाताबरोबर. तिखट खाल्लं की अंगावर पिणाऱ्या बाळाचं पोट बिघडतं असं सगळ्या म्हणतात, मी मसाला थोडा हात राखून घातला, पोरीला काही झालं नाही.

आता पावसाळ्यातले कपडे, हे खरं दुखणं. सातारा म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, पण जुलै-ऑगस्टात यवतेश्वरच्या डोंगरावरनं ढग खाली उतरले की चार चार दिवस ऊन दिसत नाही आणि गॅलरीत वाळत घातलेलं झबलं दुसऱ्या दिवशी हाताला ओलंच लागतं. लहान बाळाला दिवसाला 10-12 लंगोट सहज लागतात आणि पावसात वाळायला दोन दिवस, म्हणजे निदान 30 लंगोट पाहिजेतच, माझ्याकडं 14 होते. शेवटी आईच्या जुन्या सुती साड्या फाडून आणखी केले, नव्या कापडापेक्षा ते मऊ आणि लवकर वाळतात. घाण झालेला लंगोट लगेच पाण्याखाली धरून साफ करायचा आणि झाकणाच्या बादलीत टाकायचा, मग दिवसातनं एकदाच सगळं धुवायचं, दर वेळेला एकेक धूत बसलात तर कंबर जाईल. मशीनमध्ये जास्तीचा एक स्पिन मारायचा, हॉलमध्ये दोरी बांधून पंख्याखाली वाळत घालायचे आणि दमट राहिले तर गरम इस्त्री फिरवायची, वासपण जातो. पिवळे डाग राहिले म्हणून घासत बसू नका, ऊन पडेल त्या दिवशी दोन तास उन्हात टाका, डाग आपोआप फिके होतात. रात्री मात्र सरळ डायपर. डायपरनं पाय फेंगडे होतात हे खरं नाही, फक्त तीन-चार तासांनी बदलायचा आणि शी झाली की लगेच, नाहीतर कातडी लाल होते.

पाहुणे म्हणजे आणखी एक काम. बाळ बघायला येतात ते प्रेमानं येतात, पण येणारा प्रत्येकजण चहा पितो आणि तो चहा आपण करतो. मी दुपारी एकदाच मोठा थर्मास भरून ठेवायला लागले आणि शेजारी कंदी पेढ्यांचा बॉक्स, कप तिथंच, तुमचं तुम्ही घ्या म्हणायचं, एकालाही राग आला नाही. कुणी फोन करून काय आणू विचारलं की खेळणं-फ्रॉक नको म्हणायचं, डबा आणा म्हणायचं. लाजायचं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं आणलेला डाळ-वांग्याचा डबा मला अजून आठवतो, फ्रॉक कुणी कुठला आणला ते आठवत नाही. सर्दी-खोकला असलेल्याच्या हातात मात्र बाळ देऊ नका आणि बाळाचे मुके घेऊ देऊ नका, नातं कितीही जवळचं असलं तरी.

नवऱ्याला मदत कर म्हणून उपयोग नसतो, त्याला अख्खं कामच द्यायचं. म्हणजे लंगोट वाळत घाल असं नाही, लंगोट तुझे, धुण्यापासून घडी घालून कप्प्यात ठेवेपर्यंत. पहिल्या आठवड्यात घड्या वेड्यावाकड्या झाल्या, मी गप्प बसले (फार अवघड गेलं). वाकड्या घडीचा लंगोटपण तेच काम करतो. आणि सुट्टीच्या आदल्या रात्री दुधाव्यतिरिक्त सगळं त्याच्याकडं, उचलणं, बदलणं, ढेकर काढणं, थोपटणं, मी फक्त कुशीवर वळून पाजायचं, मग त्यानं तिला उचलून तिच्या जागी उताणं झोपवायचं. बाळाला कायम उताणंच झोपवायचं, आजूबाजूला उशा आणि जाड गोधड्या नकोत.

लसीच्या दिवशी घरकामाला पूर्ण सुट्टी. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने ही तीन डोसांची वेळ आणि मग नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची, कार्डावर तारखा असतात, त्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. मांडीत इंजेक्शन दिल्यावर ताप येतो, बाळ किरकिर करतं, खांद्यावरनं खाली उतरत नाही. तापाच्या औषधाचा डोस वजनावर असतो, तो तिथंच विचारून कार्डावर लिहून घ्यायचा, रात्री फोन करत बसावं लागत नाही. आदल्या दिवशी कपडे धुवून टाकायचे आणि त्या दिवशी खिचडी, दुसऱ्या दिवशी लागली तर परत खिचडी.

एक गोष्ट जरा नीट ऐका. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याचजणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. पण त्याच्या पुढंही चालूच राहिलं, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप लागत नसेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल किंवा मनात नको ते विचार येत असतील तर तो आळस नाही आणि नजरबिजर लागलेली नाही, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. घरात सांगा आणि डॉक्टरांकडं जा. नको ते विचार येत असतील तर आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. घरकामाची युक्ती तिथं कामाची नाही.

सहा महिने होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीपण नाही, म्हणजे त्या बाबतीत काम कमीच. सातव्या महिन्यात वरचं खाणं चालू झालं की वाटतं आता दोन स्वयंपाक, पण तसं करायचंच नाही. वरण शिजलं की फोडणी-मीठ घालायच्या आधी बाळाची वाटी बाजूला काढायची, भात मऊ कुस्करायचा, वर थोडं तूप, झालं. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात चाटवायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. नाचणी सत्व घरी करायचं असेल तर मे महिन्यातच करून ठेवा, भिजवून मोड आणून वाळवावं लागतं, जूनमध्ये ढगात काय वाळवणार. माझी वेळ चुकली, मग आत्यांनी गावाकडनं करून पाठवलं.

आणि रांगायला लागलं की आत्तापर्यंतचं सगळं टाइमटेबल मोडतं. आमच्याकडं नळाला पाणी ठरल्या वेळेला येतं त्यामुळं बादल्या भरून ठेवायची सवय, ती पहिली बदलली. रांगणारं बाळ बादलीच्या काठाला धरून उभं राहतं आणि डोक्याच्या वजनानं आत जातं, बादलीत वीतभर पाणी असलं तरी जिवावर बेततं. आता पाणी झाकणाच्या पिंपात आणि बाथरूमला बाहेरनं कडी. प्लगना झाकणं लावली, नाणी, बटणाचे सेल, औषधं सगळं वर गेलं, गरम चहाचा कप हातात असताना बाळ मांडीवर घ्यायचं नाही हेपण ठरलं. ओट्याखालचा एक कप्पा मात्र मुद्दाम तिच्या नावावर केला, त्यात प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, लाकडी उलथनं. मी शेगडीपासून लांब बसून भाजी चिरते आणि ती कप्पा रिकामा करते, परत भरायचं काम अर्थात माझंच, पण तेवढ्यात भाजी चिरून होते. त्यातला पितळी डाव तेवढा काढून घेतला, तो फरशीवर आपटायला लागली की खालच्या मजल्यावरचे काका वर यायचे.