जुन्या अल्फाचा दुसरा गिअर वाचवायचा तर: ट्रॅकवर हील-अँड-टो

अल्फा रोमिओच्या १०५ मालिकेतल्या कूपे, म्हणजे जीटी ज्युनियर, १७५० जीटीव्ही, २००० जीटीव्ही, इटलीतल्या हौशी शर्यतींत आणि ट्रॅक-डेला आजही हमखास दिसतात. ॲल्युमिनियमचं ट्विन-कॅम इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. साठच्या दशकातल्या आखणीला हे सामान भारीच होतं. दुखणं मात्र एक आहे आणि ते प्रत्येक अल्फावाल्याला पाठ असतं: दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर बसण्याआधी आतल्या भागांचे वेग जुळवणारी कडी. गिअर उतरवताना रेस न देता लिव्हर कोंबत राहिलात तर सगळ्यात आधी तोच जातो. म्हणून या गाडीत हील-अँड-टो, म्हणजे गिअर उतरवताना उजव्या पायाने ब्रेक धरून त्याच पायाने रेस देणं, शिकायचं ते लॅप टाइमसाठी नव्हे. तो फायदा मागाहून मिळतो. आधी गिअरबॉक्स वाचला पाहिजे आणि मागचा सलग ॲक्सल वळणाच्या तोंडावर शांत राहिला पाहिजे.

पाय शिकवण्याआधी पेडल बघा

बहुतेकांना जमत नाही ते पायामुळे नाही, पेडलांच्या उंचीमुळे. इंजिन चालू ठेवा, म्हणजे बूस्टर काम करेल. मग एकाला ब्रेक ट्रॅकवर दाबतात तितक्या जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून पट्टीने मोजा. दाबलेल्या अवस्थेत ब्रेकचा पृष्ठभाग ॲक्सिलरेटरच्या पातळीत किंवा त्याहून १०-१५ मिमी वर हवा. ब्रेक ॲक्सिलरेटरच्या खाली जात असेल तर प्रत्येक ब्रेकिंगला नको असताना रेस बसणार. खूप वर राहत असेल तर पाय पोचणारच नाही, आणि पोचवायच्या नादात ब्रेक सुटेल.

ब्रेक जास्त खाली जातो म्हणून लगेच ॲक्सिलरेटर वाकवायला घेऊ नका. आधी ब्रेक घट्ट करा. ब्रेकचे जुने रबरी होज (नळ्या) दाबाखाली फुगतात, ते बदला. सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून ताजं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. साध्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ट्रॅकसाठी ३०० अंशांच्या वरचं रेसिंग ऑइल घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ इथे नको, तापल्यावर पेडल स्पंजासारखं लागतं. एवढं करूनही वळणांनंतरचा पहिला दाब खोल जात असेल तर व्हील बेअरिंग हलवून पाहा. बेअरिंगमध्ये खेळ असला की डिस्क पॅडना मागे ढकलते, आणि पहिला दाब ती फट भरण्यातच जातो.

यानंतर ॲक्सिलरेटर. इथे केबलऐवजी दांडे आणि बॉल जॉइंट आहेत, आणि पन्नास वर्षांत प्रत्येक जॉइंट थोडा ढिला झालेला असतो. प्रत्येकी अर्धा मिलिमीटर म्हटला तरी पेडलला पोचेपर्यंत चांगला बोटभर खेळ होतो, आणि त्या खेळात अचूक रेस देता येत नाही. जॉइंट साफ करून ग्रीस लावा, झिजलेले बदला. पेडल तळाला टेकल्यावर कार्ब्युरेटरच्या झडपा पूर्ण उघडतात का, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. पेडलखाली स्टॉपर नसेल तर बसवा, नाहीतर जोशात दांडा वाकतो. रिटर्न स्प्रिंग दोन असाव्यात. इंजिनाचे माउंट दबलेले असतील तर ताण आल्यावर इंजिन कलतं आणि दांड्यांचं माप आपोआप बदलतं. अशा गाडीत कालची सवय आज चुकीची ठरते.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले रबरी माउंट चिरतात, हे या गाडीचं दुसरं प्रसिद्ध दुखणं. आयडल वर-खाली होत असेल, रेस सोडल्यावर आरपीएम वरच अडकत असतील, तर आधी ते तपासा. रेस देताच इंजिन क्षणभर गुदमरत असेल तर कार्ब्युरेटरचा पंप जेट (रेस देताना जादा पेट्रोल सोडणारं छिद्र) चोंदला आहे का पाहा.

सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेक-क्लच जमिनीतून वर येतात, नंतरच्यांत वरून लोंबतात. लांब, खालून बिजागरलेल्या ॲक्सिलरेटरवर बिजागराजवळ टाच दाबलीत तर जोर फार लागतो, आणि थोडं हललं तरी झडप एकदम उघडते. म्हणून त्यावर पाय जितका वर ठेवता येईल तितका बरा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यातली फट रुंद असेल तर ॲक्सिलरेटरला ब्रेकच्या बाजूने ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी लावा, नटला थ्रेडलॉक (नट ढिला होऊ न देणारा गोंद) घालून. शर्यतीच्या गाडीत असा बदल चालेल का, हे आधी स्क्रूटिनिअरला, म्हणजे शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्याला, विचारलेलं चांगलं.

सीट अशी लावा की क्लच तळाला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील. पेडल जवळ आणि स्टिअरिंग लांब, ही जुन्या इटालियन गाड्यांची ठरलेली तक्रार. त्यासाठी स्टिअरिंगच्या बॉसला (मधल्या जोडाला) स्पेसर लावा. सीट पुढे ओढू नका. पुढे ओढलीत की गुडघा स्टिअरिंगला लागतो आणि घोटा फिरायला जागा उरत नाही. बूट पातळ तळाचे, कडा बाहेर न आलेले. पायाखालचं मॅट काढून टाका.

क्रम

चवड्याचा आतला भाग, अंगठ्यामागचा, ब्रेकच्या उजव्या कडेवर. करंगळीची बाजू ॲक्सिलरेटरच्या वर मोकळी. सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक पूर्ण जोराने दाबा आणि वेग उतरू द्या. मग क्लच दाबून लिव्हर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, आणि ब्रेकवरचा दाब तसाच ठेवून घोटा उजवीकडे कलवून रेस द्या. लगेच क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. हे सगळं स्टिअरिंग फिरवण्याआधी संपलं पाहिजे.

मधे क्लच सोडण्याला आपल्याकडचे जुने ट्रकवाले डबल क्लच म्हणतात. सिंक्रो असलेल्या गाडीला त्याची गरज नाही असं सांगितलं जातं. या गाडीच्या दुसऱ्या गिअरला आहे. क्लच दाबलेला ठेवून रेस दिली तर फक्त इंजिन फिरतं. गिअरबॉक्सच्या आतला इनपुट शाफ्ट मंदच राहतो आणि त्याला वेगात आणायचं काम पुन्हा सिंक्रोवर पडतं.

रेस किती द्यायची ते गिअरच्या गुणोत्तरांवरून काढा: पहिला ३.३०, दुसरा १.९९, तिसरा १.३५, चौथा १.००, पाचवा ०.७९. चौथ्यात ४००० आरपीएम असतील तर तिसऱ्यात ५४०० होणार. तिसऱ्यात ३५०० असतील तर दुसऱ्यात साधारण ५१५०. म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना जवळजवळ ४७ टक्के उडी आहे, आणि नेमका तोच सिंक्रो कच्चा. तिसऱ्यात ४५०० असताना दुसरा टाकलात तर इंजिन ६६०० च्या वर जाईल, स्टँडर्ड इंजिनाला ते नको. रेस चांगली दिली म्हणून हे टळत नाही. ब्रेकने वेग आधी उतरवणं हाच उपाय.

इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी, रेत्तिफिलो शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना), पाचव्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. तेवढ्या वेळात तीनदा डबल क्लच नवख्याला जमत नाही, आणि तीन अर्धवट प्रयत्नांत ब्रेकिंग बिघडतं. पाचव्यावरून थेट तिसरा, मग दुसरा. सरावलात की चौथा मधे घ्या, किंवा घेऊच नका. काही बिघडत नाही.

काय चुकतंय ते कसं ओळखायचं

रेस देताना गाडीचं नाक वर येत असेल तर ब्रेक सुटतोय. ही सर्वात सार्वत्रिक चूक. यावर सराव एकच: गिअर न बदलता, क्लच दाबून, सरळ रस्त्यावर मध्यम ब्रेक धरा आणि तीन-चारदा रेस द्या. नाक हलेनासं झालं की गिअर जोडा. इटलीतल्याच वारानोसारखा सुमारे २.३ किमीचा, अवघड वळणांचा छोटा ट्रॅक यासाठी मॉन्झापेक्षा बरा. चुकलात तरी वेग कमी असतो.

क्लच सोडताना गाडी पुढे ढकलली गेली तर रेस जास्त झाली. मागची चाकं चिरकली किंवा ॲक्सल उड्या मारू लागला तर कमी झाली, नाहीतर देऊन वाट पाहत बसलात आणि आरपीएम पडले.

गिअर करकरतोय म्हणून सिंक्रोला दोष देण्याआधी एक तपासणी करा. गाडी उभी, इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नाही. तो करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाही आहे; हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याच्या ऑइलमधली हवा काढा, यांत्रिक असेल तर पेडलचा खेळ लावा. तो गपचूप पडला आणि दुसराच करकरत असेल तर सिंक्रो झिजलाय.

गिअरबॉक्स थंड असताना चांगला सिंक्रोही करकरतो. पहिल्या दोन लॅप दुसरा हळू, दोन बोटांनी टाका. अडला तर जोर लावू नका. तिसऱ्यातच वळण काढा.