घंटा दिसली म्हणजे नदी सापडली असं नाही

गॅमा रे लॉग, म्हणजे खोल खोदलेल्या विहिरीत (बोअरमध्ये) उपकरण सोडून खोलीप्रमाणे नोंदवलेली खडकांच्या नैसर्गिक किरणोत्साराची रेघ, वाचायला शिकताना पहिले काही महिने मी तो वरून खाली वाचायचे. गाळ मात्र खालून वर साचत जातो, म्हणून बोट तळाशी ठेवून वर सरकायचं. चिकणमातीत किरणोत्सारी द्रव्यं सहसा जास्त, म्हणून वर जाताना गॅमा वाढत गेला तर वाळू बारीक होत गेली असं धरतात. हा घंटेचा आकार, बहुतेकदा नदीच्या वळणावर साचलेला वाळूचा पट्टा, पॉइंट बार. उलट, नरसाळं दिसलं तर नदीमुखाशी पुढे सरकत गेलेला वाळूचा बांध (माउथ बार) किंवा किनारा. इतकं कुठल्याही पुस्तकात मिळतं.

पण गॅमा रे दाण्यांची जाडी मोजत नाही, किरणोत्सार मोजतो. एका विहिरीत जास्त गॅमाचा एक जाड पट्टा मी पूरमैदानातला शेल (चिकणमातीचा खडक) म्हणून रंगवून टाकला होता. कोअरची, म्हणजे विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या नमुन्याची पेटी उघडली, तर आत तिरप्या थरांची भरड वाळू! भिंगाखाली पोटॅशियम फेल्डस्पारचे गुलाबी दाणे चमकत होते. गॅमा वाढवला होता तो त्यांच्यातल्या पोटॅशियमनं. शेजारच्याच रकान्यात न्यूट्रॉन आणि घनतेच्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. त्या मी पाहिल्याच नव्हत्या.

हा छेद वाळूत वायू असल्याची खूण मानतात, तो नीट समजून घ्या. वायूत हायड्रोजन कमी, म्हणून न्यूट्रॉन सच्छिद्रता (खडकातल्या पोकळ जागेचं प्रमाण) कमी दाखवतो. वायू हलका, म्हणून घनतेवरून काढलेली सच्छिद्रता जास्त येते. चिकणमातीतलं पाणी न्यूट्रॉनला नेमकं उलट ओढतं. त्यामुळे मातकट वाळूत वायू असूनही छेद पुसला जातो. अशा वेळी रेझिस्टिव्हिटी, म्हणजे खडकाचा विजेला होणारा विरोध, बघायचीच. आणि त्याही आधी कॅलिपर, म्हणजे विहिरीच्या व्यासाची नोंद: विहिरीची भिंत ढासळली असेल तर घनतेचं उपकरण खडकाऐवजी ड्रिलिंगचा चिखल मोजतं आणि खोटा छेद उमटतो.

कोअरची खोली आणि लॉगची खोली सहसा जुळत नाही. कोअरवर गॅमा मोजून आधी ती सरकवून घ्या, मगच तुलना करा. वाळू-शेलचे बोटभर जाडीचे थर असतील तर लॉग त्यांची सरासरी काढून मधलाच आकडा देतो. तिथे कोअरशिवाय बोलू नये असं माझं ठाम मत आहे.

आता मी तक्त्यात आधी फक्त ‘वर गॅमा वाढतो’ एवढंच शाईनं लिहिते. (नदीचं) ‘पात्र’ हा शब्द पेन्सिलनं, तोही कोअर किंवा शेजारची विहीर पाहिल्यावर.